छातीत कळ आली तर



आज आम्ही तुमच्या गावी एक गोष्ट सांगायला आलो आहोत. गोष्ट आमच्याच गावची आहे. ती सांगताना आम्हाला संकोच वाटतो. कारण त्या गोष्टीत एक चूक झाली, आणि ती आमच्याच हातून झाली. पण ती झाकून ठेवली, तर उद्या तुमच्याही घरी तीच चूक होईल. म्हणून सांगतो. नीट ऐका.

आमचं गाव कृष्णाकाठी. तालुक्याचं गाव तिथून चाळीस मिनिटांच्या वाटेवर. देवळाच्या पडवीत आमचा रात्रीचा वर्ग चालायचा. मोठी माणसं दिवसाचं काम उरकून यायची आणि अक्षरं गिरवायची. त्यात एक मामा होते. सगळं गावच त्यांना मामा म्हणे. वय पंचावन्न. अंगानं काटक. कधी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. अक्षरं त्यांना लवकर आली होती. आता आकडे चालले होते, शंभराच्या पुढचे.

२०१८ सालचा माघ महिना. रात्रीचे आठ वाजले होते. मामा दिवसभर उसाला पाणी पाजून आले होते. पाटीवर आकडे लिहिता लिहिता त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. छातीवर तळहात दाबून धरला.

“काय हो मामा?” आम्ही विचारलं.

“काय न्हाई. छातीवर कुणी पाटा ठेवल्यावानी झालंया.”

मामांच्या कपाळावर घाम होता. माघातली थंडी, आणि घाम! आम्ही तो पाहिला. पण पाहून न पाहिल्यासारखं केलं. आम्ही म्हणालो, “वात धरला असेल. जेवणात वांगं होतं का?”

मामा म्हणाले, “व्हय.”

झालं! दुखण्याला नाव मिळालं. नाव मिळालं, की माणूस निश्चिंत होतो. पुढचं मग कुणी बघत नाही.

साडेआठला आम्ही त्यांना ओवा आणि मीठ दिलं. नऊला सोडा पाजला. साडेनऊला त्यांना चालवत घरी नेलं. त्यांचं घर चढावर. चढताना मामा दोनदा खाली बसले. डावा हात दुखतो म्हणाले. बरोबरचा गडी म्हणाला, “दिसभर दारं धरली न्हवं? हात भरला असंल.” आम्हालाही ते पटलं.

घरी मामींनी छातीला तेल चोळलं. वीट तापवून शेक दिला. साडेदहाला मामांना ओकारी झाली. सगळे म्हणाले, “बरं झालं, पित्त पडलं.” अकरा वाजता कुणी अंगारा आणला. साडेअकराला मामांचा चेहरा पांढरा फटक पडला. हातपाय गार पडले. ते म्हणाले, “मला काय तरी व्हतंय रं.”

तेव्हा आमची धावपळ सुरू झाली. जीप मिळवायला अर्धा तास गेला. बारा वाजता निघालो. मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर मामांनी मान टाकली. आम्ही तोंडावर पाणी मारलं. हाका मारल्या. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी तपासलं आणि नुसती मान हलवली.

मंडळी, हिशेब करा. रस्ता होता चाळीस मिनिटांचा. आणि चार तास आम्ही गावातच काढले. वर लोकांना सांगत राहिलो, की दवाखाना लांब होता!

चौघांच्या खिशांत मोबाईल होते. एकानेही फोन केला नाही.

दिवस झाल्यावर आम्ही मामांची पाटी द्यायला घरी गेलो. मामींनी पाटी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, “मास्तर, आमी अडाणी. पण तुमी तर शिकल्याली माणसं. तुमाला बी कसं कळलं न्हाई?”

आमच्यापाशी उत्तर नव्हतं. नंतर आम्ही डॉक्टरांकडे जाऊन बसलो. विचारलं, समजून घेतलं, हातांनी शिकून घेतलं. मामींना जे तेव्हा सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी हृदय म्हणजे काय, ते पाहू. आपली मूठ आवळा. आपलं हृदय साधारण एवढंच असतं. ते छातीत मधोमध, जरा डावीकडे कललेलं असतं. ती एक जिवंत मोटर आहे. विहिरीवरची मोटर पाणी उपसते. ही मोटर रक्त ढकलते. एका मिनिटात साधारण पाच लिटर. दिवसाला तिचे एक लाखाच्या आसपास ठोके पडतात. रात्री आपण झोपतो, ती झोपत नाही.

साऱ्या अंगाला रक्त पोचवणाऱ्या ह्या मोटरीला स्वतःलाही रक्त लागतं. त्यासाठी हृदयाच्या अंगावरून बारीक रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. त्यांना आपण पाट समजू. तंबाखू, बिडी, वाढलेला रक्तदाब, साखरेचा आजार यांनी ह्या पाटांच्या आतल्या अंगाला चरबीचा थर बसतो. वर्षानुवर्षं बसतो. आपल्याला कळतही नाही. मग एके दिवशी त्या थराला चीर पडते. तिथं रक्ताची गुठळी धरते. पाट तुंबतो.

पाट तुंबला, की खालच्या वाफ्यांचं काय होतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. पीक वाळतं. पण पीक चार दिवस तग धरतं. हृदयाच्या स्नायूला तेवढा दम नसतो. रक्त तुटल्यावर अर्ध्या तासातच तो मरू लागतो. पुढे तासातासाला जास्त मरत जातो. वाळलेल्या पिकाच्या जागी दुसरं पीक घेता येतं. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही.

यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. कुणी ‘हार्ट अटॅक’ म्हणतात.

पण हा पाट मोकळा करता येतो. दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. मोठ्या दवाखान्यात मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्या टोकाच्या फुग्यानं तुंबलेली जागा रुंद करतात. तिथं जाळीची छोटी नळी बसवतात. हे उपाय पहिल्या एक-दोन तासांत झाले, तर फार गुण येतो. जसा उशीर होईल, तसा गुण कमी. म्हणजे औषध दवाखान्यात असतं खरं, पण वेळ आपल्या हाती असतो. मामांचे पहिले चार तास आमच्या हाती होते. ते आम्ही ओव्यात आणि शेकण्यात घालवले.

आता हा झटका ओळखायचा कसा?

पहिली खूण छातीची. छातीच्या मधोमध जड वाटतं. कुणी आवळल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं. काहींना जळजळतं. टाचणी टोचल्यासारखं दुखणं बहुधा नसतं. हे दुखणं काही मिनिटं टिकतं. बसून राहिलं तरी जात नाही. किंवा जातं आणि पुन्हा येतं.

दुसरी खूण म्हणजे दुखणं पसरतं. डाव्या हातात उतरतं. कधी उजव्या, कधी दोन्ही हातांत. कधी मानेत, जबड्यात, दातांत जातं. कधी पाठीत, कधी बेंबीच्या वर. मामांचा हात दारं धरून भरला नव्हता, मंडळी.

तिसरी खूण घामाची. काम नाही, ऊन नाही, तरी गार घाम सुटतो. अंगरखा भिजतो.

चौथी खूण म्हणजे धाप लागते, मळमळतं, ओकारी होते, चक्कर येते. जीव घाबरा होतो. “मला काय तरी होतंय,” असं माणूस म्हणतो, तेव्हा त्याचं म्हणणं खरं माना.

यातल्या साऱ्या खुणा एकदम दिसतील, अशी वाट पाहू नका. एखाददुसरी दिसली तरी पुरे. बायाबापड्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि साखरेच्या आजाराच्या माणसांना कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसती धाप लागते. नुसता गळाठा येतो. नुसता घाम सुटतो. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

आणखी एक आगाऊ सूचना असते. चढ चढताना, भारा उचलताना छाती भरून येते. जरा थांबलं, की बरं वाटतं. माणूस म्हणतो, “वय झालं.” वय झालं असेल, पण पाट अरुंद झाल्याचीही ती खूण असू शकते. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि असं दुखणं बसल्या जागी येऊ लागलं, किंवा पूर्वीपेक्षा वरचेवर येऊ लागलं, तर एक दिवसही थांबू नका.

तुम्ही विचाराल, “मास्तर, वातानंही छातीत दुखतं. मग वात कुठला आणि हृदय कुठलं, हे ओळखायचं कसं?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की घरी बसून ते ओळखता येत नाही. आम्हाला येत नाही, तुम्हाला येत नाही. डॉक्टरसुद्धा नुसतं बघून सांगत नाहीत. ते छातीवर आणि हातापायांवर तारा लावून कागदावर आलेख काढतात. त्याला ‘ईसीजी’ किंवा ‘कार्डिओग्राम’ म्हणतात. शिवाय रक्त तपासतात. पहिल्या कागदावर कधी काहीच दिसत नाही. मग थोड्या वेळानं दुसरा काढतात. म्हणून “थांबा” असं डॉक्टर म्हणाले, तर थांबा. एक कागद चांगला आला म्हणून उठून घरी येऊ नका.

संशय आला, की हृदयाचंच दुखणं समजून चाला. दवाखान्यात जाऊन वात निघाला, तर चार लोक हसतील. हसू द्या. रिकामा हेलपाटा परवडला.

आता काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

एक. माणसाला होता तिथंच थांबवा. चालवू नका. जिना किंवा चढ चढू देऊ नका. भिंतीला टेकवून अर्धवट बसवा. पाठीशी उशी किंवा वाकळ द्या. गुडघे जरा वर घ्या. सदऱ्याची बटणं, चोळी, कमरेचा पट्टा सैल करा. भोवतीची गर्दी हटवा. एकच माणूस जवळ बसून धीर देऊ द्या.

दोन. घड्याळ बघा. दुखणं केव्हा सुरू झालं, ते लक्षात ठेवा. डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतात.

तीन. लगेच १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ सालापासून आहे. तिला पैसे पडत नाहीत. फोनवर घाईनं ओरडू नका. गावाचं नाव, तालुका, जवळची खूण सांगा. “छातीत दुखतंय, घाम आलाय,” असं सांगा. वय सांगा. ते विचारतील त्याचं उत्तर द्या. त्यांनी ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. एक पोरगा बॅटरी देऊन फाट्यावर उभा करा, म्हणजे गाडी चुकणार नाही. १०८ लागला नाही, तर ११२ लावा.

गाडीला फार वेळ लागणार असेल, तर फोनवरच विचारा. मग गावातली जीप घ्या. पण मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. वाटेत मान टाकली तर काय कराल? रुग्णाला स्वतः गाडी हाकू देऊ नका. एसटीची वाट पाहत थांब्यावर बसवू नका. जिथं कार्डिओग्राम निघतो, अशाच दवाखान्यात न्या. कुठं न्यावं, हेही १०८ वर विचारता येतं.

चार. ॲस्पिरिनची गोळी. ही साधी, स्वस्त गोळी आहे. ती गुठळी वाढू देत नाही. १९८८ साली एका मोठ्या पाहणीचा निकाल जाहीर झाला. त्यात सतरा हजारांवर रुग्ण होते. ॲस्पिरिन न घेणाऱ्यांत जिथं पाच आठवड्यांत शंभर दगावले असते, तिथं ती घेणाऱ्यांत सत्त्याहत्तर दगावले. एका स्वस्त गोळीनं तेवीस जीव वाचले! मोठ्या माणसाला ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन द्यायची. ती गिळायची नाही, चावून खायची. म्हणजे लवकर लागू पडते.

पण सरसकट देऊ नका. ॲस्पिरिन सोसत नाही असं ज्याला ठाऊक आहे, ज्याला रक्ताची ओकारी किंवा काळी शौचास होते, जो रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतो, त्याला देऊ नका. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एक बाजू लुळी पडली, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. त्यालाही देऊ नका. फोनवर डॉक्टरांना विचारून दिलेली बरी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात तर काहीच घालू नका. अंगदुखीची दुसरी कुठली गोळी ॲस्पिरिनच्या जागी चालत नाही. आणि गोळी घरात नसेल, तर ती शोधत वेळ घालवू नका. गोळीपेक्षा फोन मोठा.

काही लोक जिभेखाली ठेवायची गोळी जवळ बाळगतात. ती ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे, त्यानंच घ्यावी, आणि बसून घ्यावी. शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊ नका. तिच्यानं रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो.

पाच. काय करू नये, तेही ऐका. ओवा, सोडा, चहा, दारू काही देऊ नका. खायला घालू नका. छाती चोळू नका, शेकू नका. “जोरानं खोकत राहा, झटका थांबतो,” असा निरोप मोबाईलवर फिरतो. तो खोटा आहे. तिखटाचं पाणी पाजा, बोटं टोचून रक्त काढा, असंही कुणी सांगतात. त्यातलं काही करू नका. देवाचं नाव जरूर घ्या. अंगाराही लावा. पण आधी फोन लावा, आणि अंगारा गाडी येईपर्यंत लावा.

आता सगळ्यात अवघड वेळ सांगतो. मामांनी फाट्यावर मान टाकली, ती वेळ.

पाट तुंबणं वेगळं आणि मोटरच बंद पडणं वेगळं. झटका आलेला माणूस बोलत असतो, श्वास घेत असतो. म्हणजे मोटर चालू आहे. त्याची छाती दाबायची नाही. पण कधी कधी तुंबलेल्या पाटामुळे मोटरच बंद पडते. माणूस एकाएकी कोसळतो. तेव्हा पाणी मारून, कांदा लावून मोटर चालू होत नाही. तेव्हा आपल्या हातांनी ती चालवावी लागते. छाती बाहेरून दाबून रक्त फिरतं ठेवता येतं, हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या तीन संशोधकांनी १९६० साली जगापुढं मांडलं. त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं, की यासाठी फक्त दोन हात लागतात. ते दोन हात त्या रात्री जीपमध्ये आमच्यापाशीही होते. विद्या नव्हती.

ती अशी. माणसाचे खांदे हलवा. मोठ्यानं हाक मारा. ओ देत नाही? छातीकडे बघा. दहा सेकंदांपेक्षा जास्त बघू नका. श्वास नाही, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसे तुटक आचके येतात? आचके म्हणजे श्वास नव्हे. लगेच कामाला लागा. एकानं १०८ ला फोन करावा. जीपमध्ये असाल, तर जीप थांबवा आणि माणसाला खाली घ्या.

त्याला कठीण जमिनीवर उताणं निजवा. खाटेवर किंवा गादीवर नको, तिथं दाब लागत नाही. शेजारी गुडघे टेकून बसा. एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या अर्ध्या भागात ठेवा. त्यावर दुसरा हात ठेवा. कोपरं ताठ ठेवा. अंगाचा भार देऊन दाबा. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. मग पूर्ण वर येऊ द्या. पुन्हा दाबा. एका सेकंदात साधारण दोनदा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. मोठ्यानं आकडे मोजा.

हे दमवणारं काम आहे. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. पण दाबणं थांबवू नका. गाडी येईपर्यंत, किंवा माणूस हालचाल करीपर्यंत चालू ठेवा. फासळी मोडेल, अशी भीती वाटते. कधी मोडतेही. फासळी जुळून येते. गेलेला जीव परत येत नाही. जितकी मिनिटं काही न करता जातील, तितकी आशा झपाट्यानं कमी होते. आणि माणूस बेशुद्ध असेल, पण नीट श्वास घेत असेल, तर छाती दाबू नका. त्याला कुशीवर वळवा आणि श्वासावर नजर ठेवा.

हे नुसतं ऐकून हाताला येत नाही. आज बोलणं संपलं, की आम्ही गोणपाटाची घट्ट वळकटी घेऊन दाखवणार आहोत. प्रत्येकानं करून बघायचं. बायांनीही. जिवंत माणसावर मात्र सराव करायचा नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो आणि थांबतो.

मामा गेल्यावर आम्ही गावात घरोघर गेलो. दाराच्या आतल्या भिंतीवर गेरूनं तीन आकडे लिहिले. एक, शून्य, आठ. काही म्हणाले, “भिंत खराब केली.” पण ते आकडे राहिले.

पुढच्या वर्षी, २०१९ साली, दिवाळीच्या आधी, त्याच आळीतल्या एक आक्का सकाळी चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या. वय साठ. साखरेचा आजार. थापता थापता हात थांबला. धाप लागली. घामानं लुगडं भिजलं. छातीत दुखत नव्हतं. आक्का म्हणाल्या, “चुलीची धग लागली. पानी दे गं.”

त्यांची सून आमच्या वर्गात यायची. ती पाणी आणायला उठली आणि भिंतीपाशी थांबली. नवरा शेतात होता. सासरे म्हणाले, “जरा दम खा, कमी हुईल.” सुनेनं सासऱ्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्या सकाळी मोडला. भिंतीवरचे आकडे वाचून तिनं फोन लावला.

सव्वा तासात आक्का दवाखान्यात होत्या. पहिला कागद नीट सांगेना. सासरे म्हणाले, “चला, काय न्हाई.” सून हलली नाही. अर्ध्या तासानं दुसरा कागद काढला. झटकाच होता. इंजेक्शन दिलं, पुढं जिल्ह्याच्या गावी नेलं. आक्का वाचल्या. आज त्या भारा उचलत नाहीत. चढ हळू चढतात. दोन वेळा गोळ्या घेतात. पण चुलीपुढं बसतात आणि नातवावर ओरडतात.

मामी तिला भेटायला गेल्या होत्या. सुनेच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. काही बोलल्या नाहीत. आम्ही दाराशी उभे होतो. आमच्याकडेही त्यांनी पाहिलं. आम्ही मान खाली घातली.

जाता जाता एवढं सांगतो. झटका आल्यावर धावणं बरं, पण तो लांब ठेवणं त्याहून बरं. तंबाखू, बिडी, मिसरी सोडा. बिडी-सिगारेट सोडली, तर तिच्यामुळे वाढलेला धोका वर्षभरात निम्म्यावर येतो. जेवणात मीठ कमी करा. लोणचं, पापड बेतानं खा. तिशी उलटली, की वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर मोजून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात जा. दुखत नाही म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. आता तुम्हाला आकडे लिहिता येतात. दुसऱ्याची वाट पाहू नका. खडू घ्या, कोळसा घ्या, गेरू घ्या. स्वतःच्या हातानं दाराच्या आतल्या भिंतीवर लिहा: १०८. घरातल्या पोरांना, म्हाताऱ्यांना तो वाचायला लावा. त्याखाली रेशनकार्ड आणि आधारकार्ड ठेवायची जागा ठरवा. दवाखान्यात ती लागतात.

मामांच्या पाटीवर त्या रात्री शंभराच्या पुढचे आकडे होते. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तिथंच ते थांबले होते. तुम्ही पुढचे लिहा.

राम राम.